किल्लेदाराचा पेला

गडावर हसायला बंदी होती. गेल्या शिमग्यात बहुरूपी केरबाने किल्लेदार हैबतराव घोड्यावरून कसे पडले त्याचं सोंग आणलं आणि सगळा गड पोट धरून हसला. दुसऱ्याच दिवशी दवंडी फिरली, की जो हसेल किंवा हसवेल त्याचा कडेलोट होईल.

यंदा केरबा घरात बायकोला हसवताना सापडला. पहारेकऱ्यांनी त्याला सदरेवर उभं केलं. कड्यावरच्या वाऱ्याने त्याचं धोतर फडफडत होतं.

"तलवार गड राखते, धान्य पोट भरतं," हैबतराव म्हणाले. "हसण्याचा उपयोग काय ते सांग. नाही पटलं, तर कडा समोरच आहे."

तेवढ्यात चाकराने सरकारांसाठी पाण्याचा पेला आणला आणि बंदीनंतर पडलेल्या रिवाजाप्रमाणे आधी स्वतः घोट घेतला. तो जिवंत राहतो का, हे बघत सगळी सदर थांबली. केरबाही बघत होता.

"सरकार," तो म्हणाला, "लोक आपल्याला हसायचे, तेव्हा आपण कोणाच्याही हातचं पाणी प्यायचात. त्यांच्या मनातला राग हसण्यावारी निघून जायचा. आता कोणी हसत नाही, आणि आपल्याला घोटभर पाण्याचं भय वाटतं."

हैबतरावांनी चाकराच्या हातातला पेला घेतला.

"ते घोड्याचं सोंग," ते म्हणाले, "अजून येतं तुला?"

"येतं, सरकार. पण आधी आपण हसा. बाकीचे भ्यालेत."