काळ्या दोऱ्याखाली

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही गोठ्यांना भिंती होत्या, भिंतींना भेगा होत्या आणि भेगांत गोचीड होते.

एका गवळ्याने दूरच्या मुलखातून उंचीपुरी तांबडी गाय आणली. गाय गाभण होती. तिच्या पोटच्या वासरावर त्याने मनातल्या मनात अख्खं खिल्लार उभं केलं. गोठ्याचं दार रंगवलं, पुढे रांगोळी काढवली. आतल्या भिंती तशाच राहिल्या. आत बघायला येतंय कोण?

शेजारी एक निपुत्रिक म्हातारी राहायची. तिच्या कोंबड्या रोज गोठ्यात शिरून गोचीड टिपायच्या. नव्या गाईपाशी घाण नको म्हणून गवळ्याने त्यांना काठीने हाकललं.

म्हातारी कुडापलीकडून म्हणाली, "गाय लाखात एक हाय रे बाबा! पर परमुलखातली हाय. तुझ्या गावठी गाई लहानपणापासून गोचिडांत वाढल्या, त्यांना सोसतंय. हिला न्हाई सोसायचं. पाऊस यायच्या आत भेगा लिंपून घे."

गवळ्याने त्यातलं 'लाखात एक' तेवढं ऐकलं. निपुत्रिक बाईच्या तोंडून गाभण गाईचं कौतुक! नजर लागू नये म्हणून त्याच दिवशी त्याने गाईच्या गळ्यात बिब्बा ओवलेला जाड काळा दोरा बांधला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असं घरात बजावलं.

पावसाळा लागला. गाईने वैरण सोडली, अंग तापलं, मूत रक्तासारखं लाल झालं. गवळ्याने मिरच्या ओवाळून जाळल्या आणि चावडीवर जाऊन सांगितलं, "म्हातारीची नजर लागली."

गावाला तेवढंच हवं होतं. म्हातारीला पाणवठा बंद झाला. चौथ्या दिवशी कोंबड्यांचं खुराडं डोक्यावर घेऊन ती निघून गेली. थांब म्हणणारं एकही माणूस त्या गावात निघालं नाही.

पाठोपाठ गाय गेली, पोटातल्या वासरासकट. गावठी गाई शेजारी रवंथ करत उभ्या होत्या.

पुरण्याआधी गवळी दोरा सोडायला बसला. गाठ सुटेना म्हणून त्याने दोऱ्याखाली बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. दोऱ्याच्या आडोशाला गळाभर गोचीड चिकटले होते, रक्त पिऊन एरंडाच्या बियांएवढे टम्म फुगलेले.

तो तसाच म्हातारीच्या दारी धावला. हाका मारल्या. दाराला कडी होती, अंगणात चार पिसं पडली होती.

पुढे त्याने गोठ्यातली एकूण एक भेग लिंपली. लिंपताना तो रडत होता, पण ते ऐकायला शेजारी कुणी नव्हतं.

दुसऱ्याच्या नजरेत दोष शोधणाऱ्याला आपल्या भिंतीची भेग दिसत नाही; आणि दिसते, तेव्हा ती दाखवणारं माणूस उरलेलं नसतं.