लेडी मॉर्विनचा अडसर

“मग उद्या येताय ना, बाबा? माझ्या सत्काराला सगळं गाव जमणार आहे.”

शैलेश तांडेल कासमबाबांना बोलवायला दर्ग्यात आला होता. बाबा तीस वर्षं खलाशी होते, आता दर्ग्याची झाडलोट करून तिथंच राहतात. शैलेशला बुडी मारायला त्यांनीच शिकवलं.

त्या शैलेशच्या तुकडीला दक्षिण ध्रुवाजवळ, बर्फाखाली ‘लेडी मॉर्विन’ सापडलं होतं. शंभर वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज. पेपरांत फोटो, टीव्हीवर मुलाखती, शाळेत पोरांकडून कागदी जहाजं. गाव तर हवेतच होतं. जहाजावरचे अकरा खलाशी याच गावचे. ‘सोडा म्हटलं तरी त्यांनी जहाज सोडलं नाही, इमानाला जागून बुडाले,’ असं जिवंत परतलेल्या गोऱ्या कप्तानानं कळवलं होतं. धक्क्यावरच्या दगडावर तेच कोरलंय. त्या अकरांत बाबांचे आजोबाही होते.

“त्या जहाजाची फिल्म दाखव,” बाबा म्हणाले.

शैलेशनं लॅपटॉप उघडला. काळ्या पाण्यातून डेक दिसू लागला. मागे त्याचे सोबती टाळ्या पिटत होते, आनंदानं ओरडत होते.

“आवाज बंद कर.”

बाबांनी फिल्म दोनदा पाहिली. मग पडद्यावर बोट ठेवलं.

“हे?”

“खलाशी खाली झोपायचे ना, त्या खणाचं झाकण. त्याला अडसर. लाकूड कसं शाबूत आहे बघा! तिकडच्या थंड पाण्यात लाकूड खाणारी कीडच नसते.”

“अडसर कुठल्या अंगानं आहे?”

शैलेश वाकला...

“बाहेरनं,” तो म्हणाला, आणि त्यानं फिल्म तिथंच थांबवली. महिनाभर हीच फिल्म तो मिरवत होता. जगानं वाहवा केली होती. अडसर कुणीच पाहिला नव्हता, त्यानंसुद्धा.

“जहाजावर होड्या किती होत्या?”

“दोन.”

“आणि गोरे?”

“सतरा... दोन होड्यांत मावतील तेवढेच.”

बाबा आवाज न करता रडले. शैलेशला कुठं बघावं ते कळेना.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “फिल्मचा तेवढा तुकडा कापता येईल. त्या अकरा घरांतली माणसं उद्या पुढच्याच रांगेत असणार. अजून हार घालतात ती त्या दगडाला. कुणाला कळायचं नाही.”

बाबांनी डोळे पुसले.

“कालपर्यंत तो अडसर कप्तानाचा होता, पोरा. तुकडा कापलास, तर उद्यापासून तुझा.”