चौऱ्याऐंशी पायऱ्या आणि एक पाट

चंदनगडच्या विद्यापीठातलं ग्रंथालय चौऱ्याऐंशी पायऱ्यांवर होतं, आणि कावेरीचा डावा पाय लहानपणापासून अधू होता. बुरुडाची ही पोर पदवीला पहिली आली होती आणि आता पुढचा प्रबंध लिहीत होती. सोबतचे विद्यार्थी तिला हवी ती पोथी वरून आणून देत. ती खाली पडवीत बसून वाची, आणि संध्याकाळी पोथी परत वर जाई. यात कुणाचंच काही बिघडत नव्हतं. म्हणूनच बहुधा ते राजा रुद्रप्रतापांच्या कानावर गेलं.

महाराजांनी फर्मान काढलं. ज्याला वाचायचं त्यानं स्वतःच्या पायांनी वर जावं. पोथी खाली येणार नाही. विद्यापीठाच्या आवारात कुणी कुणाला हात देणार नाही. नियम सगळ्यांना सारखा! सवलत दिली की विद्या पातळ होते असं महाराजांचं मत होतं, आणि त्यांचं मत एकदा झालं की ब्रह्मदेवालाही ते हलवता येत नसे. तरीही कुणाला अडचण असलीच, तर विद्यापीठात मदतकक्ष होता. तोही त्याच चौऱ्याऐंशी पायऱ्यांवर. खाली नुसती पाटी होती: 'अडचण असल्यास वर येऊन सांगावी.'

पाडव्याच्या आत प्रबंध दिला नाही तर कावेरीचं नाव पटावरून जाणार होतं. तिनं दोनदा पायऱ्या चढून पाहिल्या. दुसऱ्या खेपेला एकतिसाव्या पायरीवरून घसरली आणि कोपर फोडून घेऊन खानावळीत आली. तिथली आचारीण चिमाबाई. तिनं जखमेवर हळद दाबली. पोरगी रडत नव्हती, नुसती गप्प बसली होती, आणि तेच चिमाबाईला सोसवेना. तिनं चुलीवरची कढई उतरवली, पदराला हात पुसले आणि तशीच दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, पोरीला पोथी खाली मिळू द्या," ती म्हणाली. "न्हाईतर पंगतीत तुमीबी सवलत घ्यायची सोडा."

महाराज आधी चकित झाले, मग तापले. दर वर्षी पदवीदानाला ते विद्यार्थ्यांच्या ओळीत बसून जेवत. तीच केळीची पानं, तेच पदार्थ. साठी उलटली तरी आपण कुणाकडे कधी मदत मागितलेली नाही, असं त्यांनी भर दरबारात सुनावलं.

"पंगत पाच दिवसांवर आहे," ते म्हणाले. "माझ्या तोंडून मदतीची मागणी वदवून दाखव. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर त्या मुलीचं नाव त्याच दिवशी पटावरून जाईल, आणि तुझी चूल दुसरीला मिळेल. जेवणात काही कालवायचं नाही, हे ध्यानात ठेव."

"कालवाकालव कशापायी? यंदा सगळं अगदी फर्मानापरमाणं करते."

प्रधानजी जरा चरकले. महाराजांना मात्र हे उत्तर फारच आवडलं.

कावेरीला कळलं तेव्हा ती धावत, म्हणजे काठी टेकत तिला जमेल तशी, चिमाबाईकडे आली. मावशीनं आपल्यासाठी चूल पणाला लावायला नको होती, असं ती परोपरीनं सांगू लागली. चिमाबाईनं तिच्यापुढे सूप सरकवलं आणि तांदळातले खडे वेचायला बसवलं.

पंगतीच्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात दोनशे पानं मांडली. महाराजांचे गुडघे दहा वर्षांपासून धरलेले होते, म्हणून त्यांच्या जागी दर वर्षी उंच चौरंग असे, मागे लोड आणि दोन्ही बाजूंना एकेक हुजऱ्या. हे सगळं कुणी आणि कधी सुरू केलं, हे महाराजांनी कधी विचारलं नव्हतं. ते आपलं तिथे असे. यंदा तिथे पाट होता, दोनशे जणांचा होता तसाच. हुजरे फर्मानानुसार भिंतीला टेकून उभे होते.

महाराजांनी पाटाकडे पाहिलं, मग चिमाबाईकडे पाहिलं. ती तूप वाढत होती. चौरंग मागावा तर हरलो! महाराज बसले. गुडघ्यांचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत गेला.

जेवण झकास झालं. महाराजांनी तीनदा जिलबी घेतली आणि दर वेळी चिमाबाईकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग जेवण संपलं.

पंगतीची रीत अशी, की मानाचा पाहुणा उठल्याशिवाय कुणी उठत नाही. महाराजांनी डावा गुडघा हलवून पाहिला. मग उजवा. मग त्यांनी मठ्ठ्याची स्तुती केली. मग तरुणपणी मारलेल्या वाघाची गोष्ट सांगितली. ती संपल्यावर पुन्हा सांगितली, या खेपेला वाघ दोन होते. दोनशे लोकांचे उष्टे हात वाळून कोरडे ठणठणीत झाले. मागच्या ओळीत कुणीतरी घोरू लागलं. प्रधानजी न राहवून पुढे सरकले.

"प्रधानजी," चिमाबाई म्हणाली, "फर्मान." प्रधानजी मागे सरकले.

तिसऱ्यांदा वाघापर्यंत आल्यावर महाराज थांबले. खाली पानाकडे बघत म्हणाले, "कुणीतरी हात द्या."

कुणी हललं नाही. फर्मान सगळ्यांच्या ध्यानात होतं.

"रद्द केलं ते फर्मान!" महाराज ओरडले.

हुजरे धावण्याआधीच ओळीच्या टोकाकडून एक काठी निघाली. डाव्या हातांनी एकमेकांकडे देत विद्यार्थ्यांनी ती महाराजांपर्यंत पोचवली. तिच्यावर भार टाकून महाराज कसेबसे उभे राहिले.

"पाट सारखा, पान सारखं, जिलबी सारखी," ते धापा टाकत म्हणाले. "मग मी एकटाच कसा अडकलो?"

"वाढणं माझ्या हाती व्हतं, महाराज. ते मी सारखं केलं," चिमाबाई म्हणाली. "गुडघे ज्याचे त्याचे."

महाराज काही बोलणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आता काठी परत द्या. पोरीला उठायचंय."

महाराजांनी ओळीच्या टोकाला पाहिलं. काठीवाचून कावेरी पाटावर तशीच बसून होती. महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, इतके की हुजऱ्यांना त्यांना धरावं लागलं आणि त्यांनी खुशाल धरू दिलं. काठी त्यांनी स्वतः नेऊन दिली, आणि दोनशे लोक एकदाचे हात धुवायला पळाले.

चिमाबाईनं मागितलं ते मिळालं. दुसऱ्या दिवसापासून पोथ्या पडवीत येऊ लागल्या. मदतकक्षही पाटीच्या शेजारी खाली आला, आणि पाटीवरचा एक शब्द तेवढा पुसावा लागला. पाडव्याला तीन दिवस असताना कावेरीचा प्रबंध पुरा झाला. महाराजांनी चिमाबाईला शिवाय एक सोन्याची पाटली दिली, ती कढई घासताना अडकते म्हणून तिनं संध्याकाळीच मिठाच्या बरणीत ठेवून दिली.