हाकेचं टोक

मुरवणे गावच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की डाव्या हाताला जमिनीची एक लांब, निमुळती सोंड समुद्रात गेलेली दिसते. शाळेच्या नकाशात तिला भूशिर म्हटलं आहे. दर्यावर जाणारे तिला मान म्हणतात, कारण लांबून पाहिलं तर जमिनीनं मान पुढे काढून काही न्याहाळावं तशी ती दिसते. गावात मात्र तिचं नाव एकच, हाकेचं टोक.

भिकाजी कुबल पाहुण्यांना तिथे घेऊन जातात. ऐन तारुण्यात ते होड्या चालवायचे, आता गुडघे धरतात, तरी टोकापर्यंत चालत जातात. वाटेत ते फारसं बोलत नाहीत. शेवटच्या खडकावर टेकले की मग सांगायला लागतात.

पूर्वी इथे टोक नव्हतंच, असं सांगतात. किनारा सुपाच्या कडेसारखा सरळ होता. त्या काळी गावात म्हादू नावाचा तांडेल होता. गलबत घेऊन तो दक्षिणेला जायचा, तो पावसाच्या तोंडावरच परत यायचा. घरी त्याची बायको आवडू, दीड-दोन वर्षांचा मुलगा आणि म्हादूची बहीण सगुणा. सगुणा लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. दोघी नणंद-भावजय, पण एका ताटात जेवायच्या. मुलगा तर आईपेक्षा आत्याच्याच कडेवर जास्त असायचा.

एका वर्षी म्हादू दर्यावर असताना गावात तापाची साथ आली. आवडू अंथरुणाला खिळली, पाठोपाठ मूलही. आवडूची शुद्ध गेली होती. ती भानावर आली तेव्हा पाळणा रिकामा होता.

दुःखात माणूस कोणाला तरी दोषी धरतं. आवडूनं सगुणेला धरलं. शेजारपाजार जमलेला असताना ती म्हणाली, "तुज्या पायगुणान माजा घर बुडाला. ह्या घरात परत पाय ठेवू नको."

सगुणा रात्रभर चुलीपाशी बसून राहिली. सकाळी भावजयीसाठी पेज शिजवून झाकून ठेवली आणि खाडीच्या तोंडाशी लागलेल्या मीठ वाहणाऱ्या मचव्यात जाऊन बसली. मचवा गोव्याकडे निघाला होता. तिथे तिचं कोणीही नव्हतं.

उन्हं वर आल्यावर शेजारची काशीआजी आवडूला बघायला आली. घरात सगुणा नाही हे पाहून ती उंबऱ्यावरच बसली.

"बाये, तुका काय्येक म्हायत नाय," म्हातारी म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. आवडू बेशुद्ध होती तेव्हा सगुणा मांडीवर मूल आणि एका हातानं भावजयीच्या कपाळावरची पट्टी धरून बसली होती. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. दोघांसाठी झुंजत होती, एकच हाती लागलं. मूल गेलं तेव्हाही ती मोठ्यानं रडली नाही, भावजय जागी होईल म्हणून.

आवडू उठली. अंगात ताप, पायात बळ नाही, तशीच खाडीवर धावली. मचवा बाहेर पडला होता. ती किनाऱ्याच्या कडेकडेनं धावत सुटली आणि जिथे जमीन संपत होती तिथे येऊन थांबली. शीड अजून दिसत होतं. तिनं हाक मारली. वारा समुद्राकडून येत होता, त्यानं हाक तिच्याच तोंडावर परत आणून टाकली. पुन्हा मारली, पुन्हा तेच.

तेव्हा ती जमिनीवर हात टेकून म्हणाली, "आये, तू तरी वायच पुढे हो. ही परत आली तर ह्या गावातून कोणाक रागान जावक दिवची नाय."

आणि म्हणे जमीन पुढे झाली.

आवडूनं खाली पाहिलंच नाही. तिची नजर शिडावर होती. ती चालत राहिली आणि पाऊल पडेल तिथे खडक वर येत गेला. दोन्ही बाजूंना पाणी उसळत होतं आणि ती एकच नाव घेत पुढे जात होती. "सगुणा, परत ये गो. सगुणा."

मचव्याच्या तांडेलाला समोर कधी नव्हता तो खडक दिसला आणि त्यानं घाईनं शीड उतरवलं. त्या शांततेत सगुणेला आपलं नाव ऐकू आलं.

ती गुडघाभर पाण्यातून खडकावर आली तेव्हा आवडू पुढे झाली. ती नुसती नणंदेच्या पायांकडे वाकायला लागली. सगुणेनं तिला अर्ध्यातच धरलं, कपाळाला हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "वयनी, तुजो ताप अजून उतराक नाय. चल, घराक जावया."

दोघी त्याच वाटेनं परत आल्या. मूल काही परत आलं नाही. पण त्या दोघी त्याच्यासाठी एकत्र रडल्या, ते आदल्या दिवशी राहून गेलं होतं. पावसाच्या तोंडावर म्हादू परतला, तर समोर हे टोक. आपलं गाव हे नव्हेच असं समजून तो चांगला पुढे निघून गेला होता, असंही सांगतात. हे सांगताना भिकाजी थोडे हसतात.

पुढे गावात रीतच पडली. घरातून कोणी रागावून निघून गेलं, तर ज्याच्या तोंडून टोकाचं बोलणं गेलं त्यानं इथवर चालत यायचं आणि गेलेल्याला नावानं हाक मारायची. एकट्यानंच यायचं, बरोबर कोणी नको. त्या काळी माणसं होडीनंच जायची. हाक पोचायची, होड्या वळायच्या. भिकाजींच्या लहानपणी संध्याकाळी किनाऱ्यावर जाळी विणत बसलेली माणसं टोकावरून हाक आली की हात थांबवायची. कोणाची, कोणासाठी, हे विचारायचं नाही. फक्त होडी वळते का, ते बघायचं.

आता होड्या गेल्या. रागावलेला माणूस सकाळची एसटी पकडतो आणि घाट चढून मुंबईला जातो. म्हणजे समुद्राकडे पाठ करूनच जातो. तरी आजही मुरवण्यातली कोणी आई, कोणी भाऊ, कोणी म्हातारा नवरा उन्हं कलली की या वाटेनं एकटाच येताना दिसतो. शेवटच्या खडकावर उभा राहतो आणि समोर एकही शीड नसताना पाण्याकडे तोंड करून नाव घेतो.

"तिकडे ऐकू जातं का हो?" पाहुणे विचारतात.

"ते जाणाऱ्याला ठाऊक," भिकाजी म्हणतात. "पण हाक मारणारा घरी परत जातो, तेव्हा दाराला कडी लावत नाही."