स्पिरिटमधला साबण

“मग मी तिथं राहू कशासाठी, अक्का?”

शालनने तिसऱ्यांदा विचारलं.

काशीअक्का मठाच्या दवाखान्यामागे बसून जखमेच्या पट्ट्या धूत होत्या. पौषातली सकाळ. डोंगरावरचं पाणी बोटांना झोंबत होतं.

दीड वर्षापूर्वी अक्कांनीच तिला खडीच्या खाणीवर, मजुरांच्या वस्तीत राहायला पाठवलं होतं. मठातली ती सगळ्यांत शिकलेली शिष्या. आज न कळवता परत आली होती, कायमची.

“काय झालं ते तरी सांग.”

“मुकादमानं नळ बंद केला. बाया माझ्याकडं आल्या. त्याच्या कचेरीत त्यांना पाऊल टाकू देत नाहीत. मला खुर्ची दिली. तासभर भांडले, तेव्हा नळ सुटला.”

“बरं झालं की.”

“पुढचं ऐका. त्या आनंदात वस्तीनं गूळभात केला. घरोघर वाटला. माझं दार सोडून.”

“राहिलं असेल.”

“दीड वर्ष राहतंय? बाया म्हणतात, ही मुकादमाच्या खुर्चीवर बसणारी. मुकादम म्हणतो, ही बायांची. मी कुणाचीच नाही. इथं कसं, पाय ठेवला की एकजीव होते. वेगळी उरतच नाही.”

अक्कांनी किसलेला साबण चिमूटभर घेतला, बाटलीतल्या गार पाण्यात टाकला आणि बाटली तिच्या हातात दिली.

“हलव.”

शालनने हलवली. कीस तळाशी जाऊन बसला.

“पाणी गार आहे. कसा विरघळेल?”

“मग दोष कुणाचा?”

“दोष कसला त्यात? पाणी तापवायला हवं.”

“तू तापवलंस?”

“मी तिथं चुली पेटवायला गेले नव्हते, अक्का.”

“ते दिसतंच आहे.”

शालनचा चेहरा लाल झाला. तिने तणतणत चुलीवरचं आधण आणलं, बाटलीत ओतलं, हलवलं. साबण विरघळला. फेस गळ्यापर्यंत आला.

“झालं? आता माझ्या प्रश्नाचं...”

अक्का आत गेल्या. दवाखान्यातल्या स्पिरिटची बाटली घेऊन आल्या. तिच्यातही चिमूटभर कीस टाकला आणि बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली.

अक्का पुन्हा पट्ट्या धुवू लागल्या.

हळूहळू कीस दिसेनासा झाला. स्पिरिट काचेसारखं नितळ.

“हे बघा,” शालन म्हणाली. “यात कसा मिसळला. कण उरला नाही. मी म्हणते ते हेच. मला इथं असं होतं.”

“हलव.”

तिने हलवली. दोन-चार बुडबुडे आले आणि फुटले. फेस नाही.

पुन्हा हलवली, जोरात. काही नाही.

अक्कांनी खोबरेल तेलाच्या मलमाने माखलेली एक पट्टी तिच्यापुढे टाकली.

“धू.”

“कशात?”

“तुला आवडलं त्यात.”

शालनने हट्टाने स्पिरिटच घेतलं. घासली, पिळली. पट्टी तेलकट ती तेलकटच. मग तिने फेसाचं पाणी भांड्यात ओतून तशीच दुसरी पट्टी त्यात बुडवली. तेल सुटलं, पाणी गढूळ झालं.

तिने त्या गढूळ पाण्यात बोट फिरवलं.

“साबणाचा कण अर्धा तेलाकडं, अर्धा पाण्याकडं,” ती म्हणाली. “शाळेत शिकलेय मी हे. दोन्हींकडून ओढला जातो.”

“हं.”

“हं काय? माणसानं असं जगायचं? आणि तुम्ही इथं निवांत बसून सांगणार, जा, परत जा?”

“मी जा म्हटलं नाही.”

“मग काय म्हणता? राहू इथं?”

अक्कांनी धुतलेली पट्टी झटकली आणि तारेवर वाळत घातली.

“राहा. भजन छान म्हणतेस.”

शालनचे डोळे भरून आले, रागाने.

“म्हणजे तिथं नळ बंद झाला की पुन्हा मीच जायचं. आणि भात वाटताना माझंच दार सुटायचं. जन्मभर मला कुणी आपलं म्हणणार नाही. हे तुम्हाला चालतं, अक्का? तुम्हाला काहीच वाटत नाही?”

अक्का हात पुसत तिच्याकडे वळल्या...

“या दवाखान्यात चाळीस वर्षं झाली. मला इथं आपलं कोण म्हणतं, ते कधी विचारलंस?”