ओंजळी कोणाची?

एकदा एका समुद्रकाठच्या गावात एक वृद्ध गुरू आणि त्यांचा विद्वान शिष्य राहत होते. तिथे बोटभर लांबीचा एक चंदेरी मासा मिळे. त्याला सारे ओंजळी म्हणत. रापणीचे लांबलचक जाळे किनाऱ्यावर ओढताना जो कोणी दोराला हात लावील, त्याला रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, ही ओंजळी देई. कित्येक निराधार म्हाताऱ्यांची चूल तेवढ्यावरच पेटे.

पुढे एका व्यापाऱ्याने सगळी ओंजळी सुकवण्यासाठी मागितली. तांडेल तरुण होता, मोहात पडला. पण गाव काय म्हणेल, या धास्तीने तो शिष्याकडे आला.

“हातात मावता इतको बारीक मासो, म्हणान ओंजळी. नावात गरिबांच्या वाट्याचा काय नाय, खरा मां?”

शिष्याने ग्रंथ धुंडाळले आणि मान डोलावली. तांडेल खूश झाला. शिष्यही स्वतःवर बेहद्द खूश झाला. गुरू जवळच बसून हे सारे ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी गुरूंनी धोतर खोचले आणि थेट रापणीचा दोर धरला. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जाळे वाळूवर आले, तसे गुरू टोपली घेऊन तांडेलासमोर उभे राहिले.

“गुरुजी, तुमी कित्याक दोर ओढलास?”

“भूक लागली आहे, बाबा.”

तांडेलाने व्यापाऱ्याकडे एकवार पाहिले. पण हात केव्हाच मासळीत गेले होते. त्याने शिगोशीग ओंजळ भरून टोपलीत रिती केली आणि वर थोडी आणखी टाकली. गुरूंच्या मागे एक म्हातारी उभी होती. तिच्यासाठीही ते हात वाकले, मग तिच्या मागच्यासाठीही. व्यापारी मोठी मासळी तेवढी घेऊन गेला.

परतताना गुरू म्हणाले, “मासा लहान आहे, हे तुझे खरे. पण लहान मासे समुद्रात थोडे का आहेत? हा कोणाच्या ओंजळीत मावतो, एवढेच तू पाहिलेस. कोणाच्या ओंजळीतून येतो, ते पाहायचे राहून गेले. नावाचे मूळ शोधताना ग्रंथ पाहावेत, आणि ते नाव जिथे अजून राबते आहे तिथेही जाऊन यावे.”

शिष्याने टोपलीत डोकावले. मासळी एका ओंजळीहून कितीतरी अधिक होती. त्याला हसू आले.

पुढच्या रापणीला दोरावर गुरूंच्या शेजारी तोही होता.