दात काढायची मनाई

तुमच्या आजीच्या आजीचे दुधाचे दात अजून पडायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी आपल्या या करंजखोऱ्यात भिवरामाय नावाची एक वैदीण फिरायची. वैदीण म्हणजे काय, दातवालीच! तापाला तिच्याकडं पाला नव्हता आणि खोकल्याला काढा नव्हता. पण दुखरी दाढ दिसली की बाई पदर खोचून बसलीच म्हणून समजा.

तेव्हा खाली गाव होतं आणि वर डोंगरात पाच वाड्या. गावात वैद्य होता, पण तो वाड्यांवर चढायचा नाही, आणि वाडीवरच्या माणसाला तो ओट्यावर चढू द्यायचा नाही. वाडीवरच्या बायका मिश्री लावून लावून दात काळे करायच्या. पुरुष किडक्या दाढेत तंबाखू कोंबायचे आणि गाल धरून लाकडं तोडायचे. लोक म्हणतात, दात आहेत तेव्हा चणे नाहीत आणि चणे आहेत तेव्हा दात नाहीत. वाड्यांवर मेलं दोन्हीही नव्हतं.

भिवरामाय आधी सगळ्यात लांबच्या वाडीला जायची, मग खाली खाली यायची. अक्कलकाढ्याचं फूल दाढेखाली धरायला द्यायची. हिरडी बधिर झाली की गप्पा मारता मारता दात बाहेर! तिची बोटं इतकी हलकी, की दात निघून गेला तरी माणूस आ वासून वाट बघत बसायचा, असं म्हणतात. कुणी काही द्यायला लागलं की म्हणायची, "दात कोरून कुणाचं पोट भरलंय का बाबा? भाकरी घाल आणि पुढच्या घराची वाट दाखव."

आता ऐका, घोळ कुठं झाला ते. गावचा नागोजी पाटील. माणूस वाईट नव्हता, पण नाकावर राग. पुतण्याच्या वरातीत स्वारी घोडीवर बसली, हलगी कडाडली, घोडी बुजली आणि पाटील थेट उकिरड्यात! फेट्यासकट! सगळं गाव फिदीफिदी हसलं. तुम्हीही हसलाच असता, आत्ताच हसताय की. पाटील उठले ते लालबुंद होऊन. दवंडीवाल्याला म्हणाले, "जा, पिट दवंडी! यापुढं गावात नि वाड्यांत कुणी दात काढायचे नाहीत. काढले तर घरदार उचलून हद्दीबाहेर!"

दवंडीवाला बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं शब्दाला शब्द तसाच सांगितला. गावानं उकिरडा बघितला होता, गावाला कळलं. वाड्यांवर कोण होतं वरातीत? त्यांनी ऐकलं, दात काढायचे नाहीत. म्हणजे भिवरामायला बंदी! आणि विचारणार कोणाला? पाटलाच्या पुढ्यात उभं राहायची कुणाची छाती होती?

त्या साली भिवरामाय सगळ्यात वरच्या वाडीला आली, तेव्हा बाया-बापड्यांनी तिला वाटेतच अडवलं. आणि तिथंच तिनं हौसाला पाहिलं. हौसा लोहाराची सून, मांडीवर तान्हं लेकरू. अक्कलदाढ पिकली होती, गाल भोपळ्यासारखा सुजला होता, दातखीळ बसली होती. घोटभर पेजसुद्धा आत जाईना. दूध आटलं होतं आणि लेकरू रडून रडून निपचित पडलं होतं. सासऱ्यानं दातांच्या कण्या केल्या, "माय, हात लावू नको गं, घर जाईल आमचं."

भिवरामायचे डोळे भरले, पण राग त्याहून मोठा. म्हणाली, "घर वाचवाल आणि घरात राहील कोण?" तिनं लेकरू स्वतःच्या पाठीशी बांधलं, हौसाला झोळीत घालायला लावली आणि निघाली चावडीवर. सगळी वाडी भीत भीत मागं.

पाटील चावडीत बसले होते. भिवरामाय म्हणाली, "पाटील, हिला दात काढायची मुभा द्या."

"माझ्या चावडीत? माझ्या तोंडावर?"

"चावडीत नको असेल, तर मागं आंब्याखाली काढते."

"म्हणजे माझ्या पाठीमागं दात काढणार!"

"अहो, एकच काढायचाय!"

"एकच?" पाटील ओरडले. "म्हातारे, एका दातानं कुणी हसतं का?"

भिवरामाय थबकली. "हसतं? हसण्याचं कुठं काय काढलं? पाटील, पोरगी मरायला टेकलीय. दाढ काढायचीय तिची. तुमच्याच दवंडीनं बंदी घातलीय ना?"

पाटलांनी झोळीत वाकून बघितलं. सुजलेला गाल बघितला, म्हातारीच्या पाठीवरचं लेकरू बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "माझ्या एका शब्दापायी?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "अगं बाई, मी पडलो उकिरड्यात, त्याला हसू नका म्हटलं होतं मी!" आणि डोळ्यांत पाणी असताना त्यांनाच हसू फुटलं. आधी पाटील, मग गाव, मग वाडी. करंजखोऱ्याचे डोंगर त्या हसण्यानं दणाणले, झाडांवरची करंजं टपाटप गळली, असं म्हणतात. आणि त्या हसण्यात हौसाही सामील झाली. दातखीळ उघडली! भिवरामायनं डाव साधला. फूल आत, बोटं आत, दाढ बाहेर. संध्याकाळी हौसा पेज प्याली, आणि दोन दिवसांनी लेकरू आईला लुचलं. हौसाची अक्कलदाढ निघाली आणि पाटलाला अक्कल आली, असं अजून म्हणतात आपल्याकडं.

पाटलांनी भिवरामायला चावडीचा ओटा दिला. ती म्हणाली, "मी एकटी किती जगणार? वाडीवाडीची एकेक बाई द्या." त्या बायांना तिनं सगळं शिकवलं, आणि त्या ओट्यावर चढू नको, असं वाडीवरच्या माणसाला म्हणायची मग कुणाची हिंमत झाली नाही.

भिवरामाय कधी गेली, कुठं गेली, ठाऊक नाही. पण दरसाल सुगी झाली की शहरातले दातांचे डॉक्टर आपली खुर्ची, आपली यंत्रं घेऊन त्या ओट्यावर येतात. भिवरामायचा दवाखाना म्हणतात त्याला. फुकट असतो, पाच वाड्या त्यांना जेवू घालतात. पाटलाच्या घरचं माणूस भित्र्या रोग्याचा हात धरून बसतं. पण त्याआधी हलगी वाजते. दवंडीवाला पार वरच्या वाडीला चढतो आणि ओरडतो, "ऐका हो ऐका, उद्या चावडीवर सगळ्यांनी दात काढायला यायचंय!" लोक पोट धरून हसतात. तो मात्र हलगी खाली ठेवून तिथंच थांबतो आणि म्हणतो, "काय समजलं, ते सांगा बघू." मग लोहाराच्या घरची धाकटी सून उठते, सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगते. काही अडलं तर विचारते. तिचं समाधान झाल्याशिवाय करंजखोऱ्यात कुठल्याच हुकमाचा दवंडीवाला डोंगर उतरत नाही.